कीर्तनाला बसलेल्या बायका

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे आमच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो वहिनी, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मला लोणच्याची कृती विचारा, ती देईन." त्या म्हणाल्या, "लोणचे गेल्या अंकात होऊन गेले. तुम्ही परवाच्या कीर्तनावर लिहा. सगळ्यांत पुढे तर तुम्हीच बसला होतात." हे मात्र खरे होते, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. म्हणून हा प्रयत्न. चुकले असेल तेथे भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला कीर्तन ठेवावे की गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, यावरून कमिटीत किती वेळ चर्चा झाली ते हजर असलेल्यांना ठाऊक आहेच. तरुण मुलींचे म्हणणे, कीर्तनाला आता कोण येते? चार म्हाताऱ्या येतील आणि त्याही पेंगतील. शेवटी दोन मतांनी कीर्तन निवडून आले. विठ्ठल मंदिराच्या छोट्या सभामंडपात सतरंज्या घातल्या, समई लावली. लाउडस्पीकरवाला आयत्या वेळी आलाच नाही, आणि ती देवाची कृपाच झाली. साठ-सत्तर माणसे, बहुतेक बायका, त्यांची मुले, आणि मागे भिंतीला टेकून पाच-सहा पुरुष मंडळी. एवढ्या जागेत यंत्र कशाला हवे? बाईंनी हळू आवाजात म्हटलेली ओळसुद्धा शेवटच्या खांबापर्यंत स्वच्छ ऐकू जात होती.

कीर्तनकार बाईच होत्या. निवृत्त शिक्षिका, परगावाहून आलेल्या. नऊवारी लुगडे, खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या. पेटीला एक वयस्कर गृहस्थ आणि तबल्याला कॉलेजात जाणारा मुलगा. बाई नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या आणि माझ्या शेजारच्या आजी माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्या वेळी बाईमाणूस इथं उभं राहिलेलं पाहिलं नाही हो." त्या एका वाक्याने माझ्या डोक्यात जे चक्र सुरू झाले ते आठ दिवस थांबले नाही. मग वाचनालयातून पुस्तके आणली, दुपारी निजायचे सोडून वाचली, आणि त्यातून हा लेख झाला.

ज्या मुलींनी अजून कीर्तन ऐकलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. आरंभी नमन, मग एखादा अभंग किंवा पद घेऊन त्याचा अर्थ उलगडून सांगायचा, तो पूर्वरंग. तेथे दाखले, श्लोक, व्यवहारातल्या गोष्टी. मग मध्ये नामाचा गजर होतो, सर्वांच्या कपाळी बुक्का लागतो, कीर्तनकाराला हार घालतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात सांगितलेले तत्त्व एखाद्या कथेतून दाखवायचे. त्या कथेत साकी, दिंडी, आर्या, ओवी, कटाव असे निरनिराळ्या चालींचे प्रकार येतात. एकच माणूस गातो, बोलतो, राजा होतो, राणी होतो, मध्येच थांबून श्रोत्यांना प्रश्न विचारतो. वारकरी कीर्तनाची रीत निराळी. तेथे एकच अभंग घेऊन त्याचेच निरूपण होते, मागे टाळकरी उभे असतात आणि मृदंग वाजतो. ती परंपरा नामदेवांपर्यंत मागे नेतात. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा देतात, म्हणजे सातशे वर्षे झाली.

सातशे वर्षे समोर बसून ऐकणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक बायकाच असणार, असे मला वाटते. पुस्तकांत मात्र कीर्तनकारांची नावे सापडतात, ऐकणारणींची नाहीत. एक नाव तेवढे सापडते, आणि बाईंनी त्या संध्याकाळी आख्यानाला तेच घेतले होते. संत बहिणाबाई. शेतावरच्या ओव्या रचणाऱ्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. या सतराव्या शतकातल्या, १६२८ ते १७००. यांनी आपले चरित्र स्वतः अभंगांतून सांगून ठेवले आहे, म्हणून तर ही हकीकत आपल्याला कळते. नाहीतर कुठल्या तरी घरात कुठल्या तरी मुलीला मार बसला, याची नोंद कोण ठेवतो?

बहिणाबाईंचे माहेर वेरूळजवळचे देवगाव. वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी लग्न झाले. ते गृहस्थ भिक्षुकी करणारे, शास्त्र जाणणारे, आणि रागीट. माहेरच्या भाऊबंदकीच्या त्रासामुळे हे सारे कुटुंब घर सोडून निघाले. आईवडील, जावई, मुलगी, सगळी पायी. भिक्षा मागत, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असे करीत ती मंडळी कोल्हापूरला पोहोचली आणि बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी उतरली. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. आपल्या मिरजेहून कोल्हापूर किती लांब? आगगाडीत भाजी निवडायला घेतली तर ती संपते न संपते तोच स्टेशन येते. इतक्या जवळची ही गोष्ट, आणि मी चाळिशी ओलांडेपर्यंत मला ठाऊक नव्हती.

बहिरंभटांनी त्यांना एक कपिला गाय दान दिली. तिला वासरू झाले. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की ती पाण्याला निघाली की तेही मागे, ती पुराणाला बसली की तेही शेजारी. बहिणाबाई तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची पोर. कोल्हापुरात त्या वेळी जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने चालू होती. आई-बापांबरोबर ही ऐकायला जाई आणि वासरूही जाई. एकादशीच्या दिवशी गर्दी फार झाली. माणसांनाच बसायला जागा नाही, तेथे जनावर कशाला, म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकलून दिले. ते बाहेर हंबरू लागले आणि आत ही रडू लागली. स्वामींच्या कानावर गेले. त्यांनी वासराला आत आणवले आणि त्या मुलीच्या व वासराच्या, दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

येथे आमच्या कीर्तनकारबाई थांबल्या. पेटी थांबली. पुढे बसलेल्या मुलांकडे पाहून त्यांनी विचारले, "सांगा बरं, वासरू कुठं बसलं असेल?" एक चिमुरडी ताडकन म्हणाली, "आईजवळ!" सगळा सभामंडप हसला. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. त्याला आई म्हणजे ती बहिणाच वाटत होती." आणि लगेच दिंडी सुरू केली. ही गंमत रेडिओवर किंवा टीव्हीवर कशी यायची? माझी आजी रेडिओवरचे कीर्तन ऐकत असे, पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाल्यापासून. पण शेवटी दर वेळी तिचे एकच गाऱ्हाणे, "हे सगळं खरं, पण बुक्का कोण लावणार?"

आता पुढचे. या कीर्तनातल्या प्रसंगाची गावभर चर्चा झाली. भटाच्या बायकोच्या डोक्यावर स्वामींनी सर्वांदेखत हात ठेवला, हे नवऱ्याच्या कानी गेले. तो घरी आला आणि त्याने तिला वेणी धरून मारले. हे बहिणाबाईंनी स्वतः सांगितले आहे. बाईंनी हा भाग गाऊन सांगितला नाही. तबलाही नाही, पेटीही नाही. साध्या बोलण्यात, चार-पाच वाक्यांत सांगितला आणि थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. सभामंडपात बांगडीचा आवाजही नव्हता. का नव्हता ते लिहायला नकोच.

गाय-वासराने चारापाणी सोडले. पुढे ते वासरूही गेले. त्या दुःखात पडलेल्या मुलीला स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला, असे ती सांगते. तुकोबा हयात होते, पण तिने त्यांना पाहिलेही नव्हते. नुसते त्यांचे अभंग जयरामस्वामींच्या कीर्तनात ऐकलेले. म्हणजे पाहा, कानावर पडलेल्या शब्दांवर तिने गुरू केला. नवरा अधिकच बिथरला. ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला गुरू करावे? तो घर सोडून जायला निघाला, पण आजारी पडला आणि त्या दुखण्यात त्याचे मन वळले. नंतर तोच तिला घेऊन देहूला गेला. तेथे तिने तुकोबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले. बहिणाबाईंनी पुढे संसार केला, मुले झाली, नवऱ्याची सेवाही केली आणि अभंगही रचले. नवरा सोडून गेली असती तर बरे झाले असते, असे माझ्या सुनेसारख्या एका मुलीने नंतर मला म्हटले. मी काय उत्तर देणार? तिचे चुकले असेही मला म्हणवेना.

बहिणाबाईंनी बसून ऐकायची किंमत दिली. उभे राहून सांगायची किंमत कोणी दिली, ते शोधायला मला गावाबाहेर जावे लागले नाही. आपल्या मिरजेत वेणास्वामींचा मठ आहे. भाजीला जाताना आपण किती वेळा त्या बाजूने गेलो असू. वेणाबाई या समर्थ रामदासांच्या शिष्या. लहानपणीच वैधव्य आलेले. समर्थ भिक्षेला आले तेव्हा ही मुलगी एकनाथी भागवत वाचत बसली होती, आणि वाचतेस ते समजते का असे त्यांनी विचारताच तिने आपल्या मनातले प्रश्नच त्यांच्यापुढे मांडले, अशी कथा रामदासी संप्रदायात सांगतात. विधवा मुलगी कीर्तनाला जाते, गोसाव्याशी बोलते, म्हणून लोक नाही नाही ते बोलू लागले. घरच्यांनी तिला विष दिले आणि ती त्यातून वाचली, असेही त्या कथेत आहे. कथाच म्हणा. पण जी कथा साडेतीनशे वर्षे लोक सांगत राहिले, तिच्यात त्या वेळच्या लोकांचे मन उमटलेले असणारच.

या वेणाबाईंना समर्थांनी उभे राहून कीर्तन करण्याची आज्ञा दिली आणि मिरजेचा मठ त्यांच्या हाती सोपवला. विधवेने चार लोकांत तोंड दाखवू नये असा तो काळ. त्यांनी सीतास्वयंवर रचले. विधवेने लग्नाचे काव्य लिहावे, याचेही मला नवल वाटते. शके १६०० मध्ये, म्हणजे १६७८ साली, सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी गडावर आहे. मी दोनदा गडावर गेले आहे आणि दोन्ही वेळा मुलांच्या पाठीमागे धावण्यात तिचे धड दर्शन घेतले नाही, याची आता चुटपुट लागते.

एक वेणाबाई झाल्या म्हणून सगळ्यांना वाट मोकळी झाली असे मात्र नाही. पुढची शेदीडशे वर्षे पुस्तकांत पुरुषांचीच नावे येतात. त्यांचेही उपकार आहेतच. ताहराबादचे महिपती (१७१५ ते १७९०) यांनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला, त्याने कीर्तनकारांना संतांच्या आख्यानांचे कोठारच मिळाले. बारामतीचे मोरोपंत (१७२९ ते १७९४) यांच्या आर्या सोलापूरच्या राम जोशींनी कीर्तनात म्हणून घरोघर पोहोचवल्या. हे राम जोशी आधी तमाशात लावण्या गाणारे. संगमनेरचे अनंत फंदी तसेच. फंदींना तमाशा सोडून कीर्तन करायला अहिल्याबाई होळकरांनी लावले असे सांगतात. म्हणजे एका बाईच्या सांगण्याने एक कीर्तनकार झाला, पण बाई स्वतः कीर्तनकार होत नव्हती.

कीर्तनाच्या साक्या-दिंड्या पुढे नाटकात शिरल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्यातली गाण्याची तऱ्हा कीर्तनाला ओळखीची होती, म्हणून तर ती लोकांच्या तोंडी चटकन बसली. आणि दूर दक्षिणेत काय झाले ते तर मला मुळीच ठाऊक नव्हते. तंजावरला भोसल्यांचे मराठी राज्य १८५५ पर्यंत होते. आपल्याकडचे कीर्तनकार तेथे जात. मोरगावकर रामचंद्रबुवांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले प्रकार तमिळमध्ये जाऊन बसले. मद्रासकडे पुढे सरस्वतीबाई नावाच्या बाई हरिकथा करू लागल्या. जन्म १८९२चा. बाईने हरिकथा करायची नाही म्हणून तिकडच्या पुरुष भागवतरांनी त्यांना विरोध केला. त्या डगमगल्या नाहीत. अनेक भाषांत त्या हरिकथा करीत आणि त्यांत मराठीही होती. १९७४ साली त्या वारल्या. आपली दिंडी इतक्या लांब गेली, आणि तिच्या मागोमाग आपला वादही गेला, असे वाचताना वाटले.

दासगणू महाराज (१८६८ ते १९६२) आधी पोलिसात होते. ते अंगरखा, उपरणे, फेटा अशा थाटात कीर्तनाला निघाले असता शिर्डीच्या साईबाबांनी त्यांना हटकले आणि नवरदेवासारखा थाट कशाला, म्हणून सगळे उतरवायला लावले. तेव्हापासून ते उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन कीर्तन करीत. नारदाला अंगरखा नव्हताच ना. ही गोष्ट वाचली आणि मला जरा लाज वाटली. त्या दिवशी बाईंच्या लुगड्याचा रंग आणि काठ यावर आम्ही मागे बसून केवढी चर्चा केली होती!

पण आमच्या घरात कीर्तन म्हटले की नाव निघे ते गाडगेबाबांचे. माझ्या आजीने त्यांचे कीर्तन दोनदा ऐकले होते. दिवसा बाबा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच लोकांपुढे उभे राहत. पाया कोणाला पडू देत नसत. आख्यान नाही, आर्या नाही. नुसते प्रश्न. देव दगडात आहे का? कर्ज काढून सण करावा का? कोंबडे-बकरे कापून देव पावतो का? लोकांनी उत्तर द्यायचे. आजी सांगे, "पहिल्यांदा बायका पदराआड हसायच्या. मग एकेक उत्तर द्यायला लागल्या. नवऱ्यापुढं कधी बोलल्या नसतील त्या बाबांपुढं मोठ्यानं बोलल्या." पोरांना शाळेत घाला, हे तर बाबा प्रत्येक गावी सांगत. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्या दिवशी आजीने चूल पेटवली नव्हती, असे माझी आत्या सांगते.

आजीला अक्षर येत नव्हते. अंगठा उठवी. पण ध्रुव, प्रल्हाद, चिलयाबाळ, हरिश्चंद्र, दामाजीपंत, सखुबाई, सगळी आख्याने तिला चालीसकट पाठ. देवळात खांबामागे बसून, मांडीवर मूल झोपवून, ऐकून ऐकून पाठ झालेली. पुढची जागा पुरुषांची. बायकांची बाजूला किंवा मागे, आणि विधवांची त्याहूनही मागे, हे तिनेच मला सांगितले. मागे बसल्यामुळे बुवांचा चेहरा दिसायचा नाही, म्हणून आवाजावर लक्ष अधिक राहायचे, असेही ती म्हणे. पहाटे जात्यावर ती हीच आख्याने ओव्यांतून म्हणायची, पण स्वतःची भर घालून. हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी देऊन टाकले, तेथे सगळे कीर्तनकार त्याच्या सत्याची वाहवा करीत. आजी जाते थांबवून मला म्हणायची, "दिलं ते दिलं. पण तारामतीला विचारलं होतं का ग त्यानं?" मी त्या वेळी सात-आठ वर्षांची. मला काय कळणार? आज तो प्रश्न एखाद्या कीर्तनकाराने विचारावा असे फार वाटते.

माझी शाळा सातवीत सुटली. आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता, एस.टी. संध्याकाळी उशिरा यायची, आणि मुलगी मोठी झाली, एवढी कारणे घरात पुरेशी होती. गाडगेबाबांचे कीर्तन दोनदा ऐकलेली आजी त्या वेळी ओसरीवर बसून होती. ती काही बोलली नाही. तिचा राग मी पुष्कळ वर्षे धरला. आता वाटते, त्या घरात तिच्या बोलण्याला वजन किती होते? नंतर तिने एक केले. गावात कोठेही कीर्तन असले की ती मला बरोबर नेऊ लागली. सोबतीला नात हवी, मला रात्रीचे दिसत नाही, असे घरात सांगायची. तिला रात्रीचे चांगले दिसत होते. रामायण-महाभारत, तुकोबा, शिवाजी महाराज, संस्कृतचे चार श्लोक, जे काही मला येते ते असे आले. आठवी-नववी माझी देवळात झाली म्हणा ना.

परवाच्या कार्यक्रमाला आपल्यातली एक भगिनी येणार होती. आरतीचे ताट तिनेच तयार करायचे ठरले होते, फुलेही तिने आणून ठेवली होती. ती आली नाही. का आली नाही ते आळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि मी लिहीत नाही. मध्यंतरात बुक्का लावायला उठले तेव्हा देवळाच्या मागच्या बोळात कोणी उभे आहे असे मला वाटले. खिडकीपाशी गेले तर तीच. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला बुक्का लावला. ती म्हणाली, "आख्यान होईपर्यंत थांबता येणार नाही. उरलेलं सांगा मला." दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मी वासरू आत आणले तेथपर्यंत सांगितले आणि पाणी गेले. त्यापुढचे राहून गेले ते राहिलेच. हा लेख मी बहुतेक तिच्यासाठीच लिहिला आहे. स्मरणिका घरी नेता येते, तिला कोणी अडवणार नाही.

कीर्तन संपायला दहा वाजले. आरती झाली, खिरापत वाटली. बाईंची शेवटची गाडी चुकली, तेव्हा त्या माझ्या घरीच राहिल्या. रात्री पिठले-भाकरी जेवल्या, गरम पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या, आणि मग स्वयंपाकघरात बसून आम्ही बारापर्यंत बोलत होतो. पन्नाशीनंतर त्यांनी कीर्तन शिकायला घेतले. पहिल्या कीर्तनाला एका गावी गेल्या तेव्हा देवळातल्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले, बाई, तुम्ही खाली बसून प्रवचन करा, गादीवर उभ्या राहू नका. "मग तुम्ही काय केलंत?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "काय करणार? वेणाबाईंचं नाव घेतलं आणि उभी राहिले. ते गृहस्थ उठून गेले. त्यांच्या घरच्या बायका बसून राहिल्या."

सकाळी सहाच्या गाडीला मी त्यांना पोहोचवून आले. आरतीच्या ताटात जमलेली रक्कम आणि बिदागीचा हिशेब खजिनदारबाईंकडे दिला आहे, ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पाहावा. पुढल्या वर्षासाठी बाईंनी वेणास्वामींचे आख्यान कबूल केले आहे. तारीख ठरली की मंडळाच्या फळ्यावर लिहू. वेळ मात्र संध्याकाळी पाचची ठेवावी अशी माझी सूचना आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या वेळेआधी सगळ्यांना घरी जाता येईल आणि कोणाला बोळात उभे राहावे लागणार नाही. या खेपेला सतरंज्या कमी पडल्या. ज्यांच्या घरी जास्तीच्या असतील त्यांनी नाव घालून आदल्या दिवशी देवळात आणून द्याव्यात.